घातांकांचा मनोरा: वरून खाली वाचायची संख्या

संगणकावर एक्सेल उघडा आणि एका चौकटीत बरोबरचे चिन्ह देऊन २^३^२ हे गणित टाका. उत्तर येईल ६४. आता हेच गणित पायथॉन या संगणकीय भाषेत, ^ च्या जागी ** लिहून, करा. उत्तर येईल ५१२. दोन्ही प्रणाली जगभर वापरल्या जातात, दोन्हींत बिघाड काही नाही, तरी एकाच गणिताची दोन उत्तरे येतात.

(या लेखात ^ हे चिन्ह घातासाठी वापरले आहे. २^३ म्हणजे २ चा तिसरा घात, अर्थात २ × २ × २. यातला २ हा पाया आणि ३ हा घातांक.)

फरक पडला तो सुरुवात कुठून केली यामुळे. एक्सेलने डावीकडून सुरुवात केली: २ चा घन ८ आणि ८ चा वर्ग ६४. पायथॉनने वरच्या टोकापासून सुरुवात केली: ३ चा वर्ग ९ आणि २ चा नववा घात ५१२. आपण हातानेच लिहिले तर २ च्या डोक्यावर लहान ३ आणि त्या ३ च्या डोक्यावर आणखी लहान २ बसतो. एकावर एक चढत गेलेल्या अशा घातांकांना गणितात मनोरा म्हणतात. गणिताचा सर्वमान्य संकेत असा की मनोरा वरून खाली सोडवायचा. म्हणजे ५१२ हेच उत्तर धरायचे.

हा संकेत कुणी मनाला आले म्हणून ठरवलेला नाही. खालून वर गेलो तर मनोऱ्याची गरजच उरत नाही. २ च्या घनाचा वर्ग म्हणजे २ चा ३ × २, अर्थात सहावा घात. शाळेत शिकलेल्या नियमानुसार घातांकांचा नुसता गुणाकार होतो आणि सगळा डोलारा एका मजल्यावर येतो. जी गोष्ट साध्या गुणाकारात सांगता येते, तिच्यासाठी नवे लेखन कशाला हवे? वरून खाली आलो की मात्र असे काही तयार होते, जे दुसऱ्या कुठल्याही प्रकारे इतक्या थोडक्यात लिहिता येत नाही.

किती थोडक्यात, ते पाहू. तीन ९ घ्या. खालून वर गेलात तर (९^९)^९ म्हणजे ९ चा ८१ वा घात, ७८ अंकी संख्या. मोठीच, पण वहीच्या दोन-तीन ओळींत मावणारी. आता वरून खाली या. ९^९ म्हणजे ३८,७४,२०,४८९. आणि ९ चा एवढा घात घेतला की जी संख्या येते, तिच्यात ३६,९६,९३,१०० अंक असतात. लक्षात घ्या, ही त्या संख्येची किंमत नाही. तिच्यात किती अंक आहेत, त्याचा हा आकडा आहे. एका पानावर २,००० अंक छापले आणि ५०० पानांचा एक खंड केला, तर ही एक संख्या छापायला ३७० खंड लागतील. आणि आपण लिहिले होते फक्त तीन ९.

३ चा मनोरा घेऊ. दोन मजल्यांचा मनोरा, ३^३, म्हणजे २७. तीन मजले झाले की ३^२७, म्हणजे ७६,२५,५९,७४,८४,९८७. ही तेरा अंकी संख्या साडेसात लाख कोटींच्या पुढे जाते. चौथा मजला चढवला की येणाऱ्या संख्येत ३६,३८,३३,४६,४०,०२५ अंक असतात. पाचव्या मजल्यावर अंकांची संख्या किती, हा आकडासुद्धा लिहून काढणे अशक्य होते, कारण त्या आकड्यातच लाखो कोटी अंक असतात. बेरीज वारंवार केली की गुणाकार होतो, गुणाकार वारंवार केला की घात होतो आणि घात वारंवार केला की मनोरा. पायऱ्या सारख्याच दिसतात, पण या तिसऱ्या पायरीवर आपण आकलनाच्या पलीकडे जातो. मनोऱ्याच्या या क्रियेला 'टेट्रेशन' हे नाव इंग्रज गणिती रूबेन गुडस्टीन यांनी १९४७ साली दिले.

नाव विसाव्या शतकातले असले तरी घातावर घात चढवण्याची ओढ फार जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशात सापडतो. नवव्या शतकात जैन आचार्य वीरसेन यांनी षट्खंडागम या ग्रंथावर 'धवला' नावाची प्रचंड टीका लिहिली. जैन परंपरेला संख्यात, असंख्यात आणि अनंत यांची काटेकोर वर्गवारी करायची होती. त्यासाठी मोठ्यात मोठ्या संख्या बांधण्याची रीत हवी होती. धवलेत ती रीत 'वर्गित-संवर्गित' या नावाने येते: संख्येला तिचाच घातांक द्यायचा. २ पासून निघालो तर पहिल्या वेळी २^२, म्हणजे ४. दुसऱ्या वेळी ४^४, म्हणजे २५६. तिसऱ्या वेळी २५६^२५६. ही शेवटची संख्या ६१७ अंकी आहे. आजचे खगोलशास्त्र दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या सुमारे ८० अंकी मानते. तीनदा एकच कृती केली आणि संख्या विश्वातल्या अणूंना कितीतरी मागे टाकून गेली.

पण मला वीरसेनांचे जास्त कौतुक वाटते ते दुसऱ्या गोष्टीसाठी. एवढी संख्या बांधून ते थांबले नाहीत, ती मापायचे साधनही त्यांच्याकडे होते. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की १ उरतो, त्या वेळांना धवलेत 'अर्धच्छेद' म्हटले आहे. २५६ चे अर्धच्छेद ८. मग २५६^२५६ चे अर्धच्छेद किती? २५६ × ८, म्हणजे २,०४८. सहाशे अंकी राक्षसाची उंची एका साध्या गुणाकाराने हाती आली. आज आपण ज्याला २ च्या पायाचा लॉगॅरिदम म्हणतो, तीच ही कल्पना. धवलेची ताडपत्रे कर्नाटकातल्या मूडबिद्रीला शतकानुशतके जपून ठेवलेली होती. ती संपादित होऊन छापली जाऊ लागली ती १९३९ पासून, विदर्भात अमरावतीहून. तिथे प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी हे काम हाती घेतले आणि पुढे लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणिताचा अभ्यास जगापुढे मांडला. ज्या शहरातून हे गणित छापील रूपात बाहेर पडले, तिथल्या शाळांमध्ये घातांकांचा धडा शिकवताना वीरसेनांचे नाव निघायला हवे, असे मला मनापासून वाटते.

इथवर मनोऱ्याचे मजले मोजके होते. आता मजले संपतच नाहीत असे समजू. क्ष^क्ष^क्ष^… असा अनंत मनोरा. तीन-चार मजल्यांतच जे एवढे फुगते, ते अनंत मजल्यांवर नक्कीच हाताबाहेर जाणार, असे कुणालाही वाटेल. पण तसे होतेच असे नाही. क्षच्या जागी १ ठेवला तर मनोरा १ च राहतो, हे उघड आहे. आता १ पेक्षा किंचित मोठी संख्या घेऊ: २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१४२१. कॅल्क्युलेटर घ्या आणि एकेक मजला चढवत जा. पहिला मजला १.४१४२१. दुसरा १.६३२५३. तिसरा १.७६०८४. चौथा १.८४०९१. पाचवा १.८९२७१. सहावा १.९२७००. प्रत्येक मजल्याने किंमत वाढते, पण वाढ दर वेळी कमी होत जाते आणि आकडे २ च्या दिशेने सरकत राहतात. अनंत मजल्यांच्या या मनोऱ्याची किंमत नेमकी २ आहे.

याची सिद्धता दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी सरळ आहे. मनोऱ्याच्या टोकावर √२ आहे आणि ते २ पेक्षा लहान आहे. √२ ला २ हा घातांक दिला तर उत्तर २ येते. मग २ पेक्षा लहान घातांक दिला तर उत्तर २ पेक्षा लहानच येणार. म्हणजे एकेक मजला खाली उतरताना दर वेळी आपण २ च्या आतच राहतो. दुसरीकडे, मजले वाढले की किंमत वाढतच जाते. जी संख्या सतत वाढते पण २ ओलांडू शकत नाही, तिला कुठेतरी स्थिरावावेच लागते आणि ती २ वर स्थिरावते.

इथे एक सुंदर कोडे उभे राहते. ज्या अनंत मनोऱ्याची किंमत २ आहे, तो शोधायचा झाला तर युक्ती सोपी आहे: सगळ्यात खालचा क्ष बाजूला केला तरी वर उरतो तो मनोरा तसाच अनंत, त्याचीही किंमत २. म्हणून क्ष^२ = २ आणि क्ष = √२. आता ज्याची किंमत ४ आहे असा मनोरा शोधा. त्याच युक्तीने क्ष^४ = ४. ४ चे चौथे मूळ काढले तर तेही √२ च. मग √२ चा मनोरा २ की ४?

उत्तर वर आलेच आहे: २. पण ४ येतो कुठून? त्यासाठी मनोऱ्याच्या टोकावर √२ ऐवजी वेगळी संख्या बसवून पाहू. टोकावर नेमके ४ ठेवले तर √२ चा चौथा घात ४, त्याच्या खालच्या मजल्यावर पुन्हा ४, आणि असे कायम ४. म्हणजे ४ हीसुद्धा स्थिर जागा आहे, पण निसरडी. टोकावर ३.९ ठेवा. एक मजला उतरलात की ३.८६, मग ३.८२, आणि असे घसरत घसरत ते २ वर येऊन थांबते. टोकावर ४.१ ठेवा. मग ४.१४, ४.२०, ४.२९ असे करत ते अनंताकडे पळते. २ कडे आजूबाजूच्या संख्या ओढल्या जातात, ४ पासून त्या दूर जातात. समीकरण दोन्ही जागा दाखवते, कारण त्याला फक्त स्थिर जागा कळतात. तिथे पोहोचता येते की नाही, हे समीकरण सांगत नाही. ते स्वतंत्रपणे तपासावे लागते. गणितात 'उत्तर आहे का' हा प्रश्न 'उत्तर काय' याच्या आधी विचारायचा असतो, याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

अनंत मनोरा कुठल्या संख्यांसाठी स्थिरावतो, याची सीमा शोधण्याचे श्रेय लिओनार्ड ऑयलर यांना दिले जाते. १७७७ च्या सुमारास, सेंट पीटर्सबर्गमध्ये, दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली असताना त्यांनी या मनोऱ्यांवर निबंध लिहिला. उत्तरात नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया ई, म्हणजे सुमारे २.७१८२८, अवतरतो. पाया ०.०६५९९ पासून १.४४४६७ पर्यंत असेल तर मनोरा स्थिरावतो. वरची सीमा म्हणजे ई चे ई वे मूळ, आणि त्या सीमेवर मनोऱ्याची किंमत भरते नेमकी ई. याचा अर्थ असा की स्थिरावणारा कुठलाही अनंत मनोरा २.७१८२८ च्या वर जाऊच शकत नाही. ४ किंमत मिळणे अशक्य का, याचे हे दुसरे उत्तर.

सीमा ओलांडली की काय होते ते १.५ घेऊन पाहा. सुरुवात अगदी संथ: १.५, १.८४, २.११, २.३५, २.५९. पाहणाऱ्याला वाटावे, हाही कुठेतरी थांबेल. दहाव्या मजल्यावर किंमत अजून ६ च्या आत. अकराव्या मजल्यावर ११ च्या जवळ. बाराव्यावर ८६. तेराव्यावर एकदम सोळा अंकी संख्या. चौदाव्या मजल्यावरच्या संख्येतले अंकच दोन लाख कोटींच्या कितीतरी पुढे. १.४४ आणि १.५ यांच्यात फरक तो केवढा, पण एक कायमचा शांत आणि दुसरा दहा मजले दबा धरून मग आभाळात जाणारा.

खालची सीमा ओलांडली की निराळेच दृश्य दिसते. पाया १/१६ घ्या, म्हणजे ०.०६२५. ही संख्या ०.०६५९९ च्या किंचित खाली आहे. हा मनोरा वाढत नाही आणि एका जागी थांबतही नाही. विषम मजल्यांचे मनोरे १/४ कडे सरकतात आणि सम मजल्यांचे १/२ कडे. ताळा तोंडी करता येतो: १/१६ ला १/२ चा घातांक दिला, म्हणजे वर्गमूळ काढले, की १/४. आणि १/१६ ला १/४ चा घातांक दिला, म्हणजे चौथे मूळ काढले, की १/२. दोन्ही संख्या एकमेकींना जन्म देत राहतात आणि मनोरा त्या दोघींमध्ये कायम झुलत राहतो. ज्या यंत्रणेतून काही कोटी अंकांच्या संख्या निघाल्या, त्याच यंत्रणेतून पाव आणि अर्धा यांची ही जोडी निघते.

मनोऱ्यांविषयी सगळे कळले आहे असे मात्र मुळीच नाही. पाय ही वर्तुळातली संख्या घ्या आणि तिचा चार मजली मनोरा करा. दोन मजल्यांवर किंमत ३६.४६ च्या आसपास. तीन मजल्यांवर एकोणीस अंकी. चौथ्या मजल्यावर दशांशचिन्हाच्या डावीकडचेच अंक ६,६६२ कोटी कोटींच्या घरात. ही संख्या पूर्णांक आहे का? नसणार, असे प्रत्येक गणिती सांगेल. पण सिद्धता आजही कुणाकडे नाही. थेट हिशेब करायचा तर पायचे तितकेच अचाट अंक हाताळावे लागतील, आणि त्याला वळसा घालणारा सिद्धान्त अजून सापडलेला नाही. चार अक्षरांत लिहिता येणारा प्रश्न, आणि त्यापुढे आजचे गणित थांबलेले आहे.

आणि तरीही, जे लिहून काढणे अशक्य आहे त्याच्याविषयी आपण काही गोष्टी छातीठोकपणे सांगू शकतो. मनोऱ्यांतली मला सर्वांत प्रिय गोष्ट ही. ३ च्या मनोऱ्याकडे परत जाऊ आणि त्याचे फक्त शेवटचे दोन अंक विचारू. ३ च्या घातांचे शेवटचे दोन अंक क्रमाने लिहिले तर ०३, ०९, २७, ८१, ४३, २९, ८७, ६१ असे जाता जाता विसाव्या घाताला ०१ येतात. ३^२० म्हणजे ३,४८,६७,८४,४०१. तिथून चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून घातांक कितीही मोठा असो, त्याला २० ने भागून बाकी किती उरते, एवढेच पुरते.

दोन मजल्यांचा मनोरा २७. त्याला २० ने भागले की बाकी ७. ३ चा सातवा घात २,१८७. म्हणून तीन मजली मनोऱ्याच्या शेवटी ८७. वर दिलेली तेरा अंकी संख्या पाहा, ती ८७ नेच संपते. आता चौथा मजला. घातांक ८७ ने संपतो आणि शंभराला २० ने नि:शेष भाग जातो, म्हणून बाकी फक्त ८७ वरून ठरते: पुन्हा ७. मग चार मजली मनोऱ्याच्या शेवटीही ८७. पाचव्यालाही तेच, सहाव्यालाही तेच. हजार मजले असोत की कोटी, शेवट ८७. जसजसे मजले वाढतात तसतसे त्याच्या डावीकडचे अंकही एकेक करून कायमचे ठरत जातात.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ग्रॅहमची संख्या. अमेरिकन गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांच्या कामातून ती आली. अनेक मितींच्या घनाचे सगळे कोपरे एकमेकांना रेषांनी जोडून त्या रेषा दोन रंगांत रंगवायच्या, तर किती मितींपासून एका विशिष्ट एकरंगी रचनेतून सुटका नाही, असा तो प्रश्न होता. त्याच्या उत्तराची ही वरची मर्यादा. १९७७ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात तिची ओळख करून दिली आणि १९८० साली गिनीज बुकने सिद्धतेत वापरलेली सर्वांत मोठी संख्या म्हणून तिची नोंद घेतली. ती लिहायला साधा मनोरा पुरत नाही. डोनाल्ड कनुथ यांनी १९७६ साली सुचवलेले बाण लागतात: एक बाण म्हणजे घात, दोन बाण म्हणजे मनोरा, तीन बाण म्हणजे मजल्यांची संख्याच मनोऱ्याने ठरणारा मनोरा. तिथून पुढे चौसष्ट टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात किती बाण, हे आधीचा टप्पा ठरवतो. पण हे सगळे उलगडले की शेवटी उरतो तो ३ चाच एक अति-अति-उंच मनोरा. म्हणून ग्रॅहमच्या संख्येचे शेवटचे दोन अंक आपण आत्ताच काढले आहेत: ८७. शेवटचे दहा अंकही माहीत आहेत, २४६४१९५३८७. तिचा पहिला अंक मात्र कुणालाही ठाऊक नाही.

हीच रीत तुम्ही स्वतः वापरून पाहावी, अशी विनंती आहे. ७ च्या शंभर मजली मनोऱ्याचे शेवटचे दोन अंक काढा. ७ च्या घातांचे शेवटचे अंक ०७, ४९, ४३, ०१ असे चारच घरांचे चक्र घेतात, म्हणून प्रत्येक मजल्यावर ४ ने भागून बाकी पाहायची, एवढेच काम. कागदाचा कोपरा आणि पाच मिनिटे पुरतील. उत्तर ४३ यायला हवे.